अस्तर

काच दाराच्या पोटात पडली शुक्रवारी,
पुन्ता अरेनासच्या धक्क्यापाशी, सिग्नलला,
आणि सामुद्रधुनीवरचा वारा
माझ्या टॅक्सीत पुढच्या सीटवर येऊन बसला.
भाडं न देता.

गॅरेजवाल्याने आकडा सांगितला.
मी म्हणाले, "बघते."
हा शब्द आमच्या घरात
नाही म्हणण्यासाठीच ठेवलाय.

म्हणून आज रविवार, पत्र्याचा आडोसा,
हातात लोणी फासायची सपाट सुरी, टोकाला मोजा गुंडाळून,
आणि स्क्रूंसाठी अंड्यांचा रिकामा पुठ्ठा.
पहिल्या खळग्यात हँडलच्या वाटीतला स्क्रू.
दुसऱ्यात तो, जो चिमुकल्या टोपणाआड लपून
पाऊण तास माझी मजा बघत होता.

टॅक्सीआधी वीस वर्षं मी कपडे शिवले.
कापड फाटतं ते कात्रीने नाही,
टाका कुठे आहे ते न बघता ओढल्याने.
दारही तसंच. खालच्या कोपऱ्यातून
बोटं आत सरकवायची, अस्तराची शिवण चाचपावी तशी,
आणि जिथे अडेल तिथे थांबायचं.
तिथेच खटका असतो.

थंडीत प्लॅस्टिक बिस्किटासारखं मोडतं.
वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर मागून आणला,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढली,
दाराला शेक दिला.
कुंपणापलीकडून दोन बाउतिस्ता ओरडले,
"ऑर्फेलिना, गाडीला न्हाऊ घातलंस की काय?"

टक्.
टक्. टक्.
चौथा निम्माच आला, मान दारातच राहिली.
मी दिलेली शिवी वारा घेऊन गेला,
एव्हाना अर्जेंटिनात पोचली असेल.

मग पॅनेल वर उचललं, जपून,
ते एका वायरीवर लोंबकळलं,
बाही धरून ठेवणाऱ्या पोरासारखं.
तो जोडही सोडवला.

आत उघडं लोखंड, त्यावर खडूने लिहिलेली
जपानी अक्षरं, कुणाच्या तरी घाईची.
ही गाडी तिथूनच आली, स्टिअरिंग उजवीकडे असलेली.
इथे कुणीतरी ते उचलून डावीकडे बसवलं.
ती दोघं माणसं मला कधी भेटणार नाहीत.

तिसरा मात्र ओळखीचा निघाला.

पाण्यासाठी लावलेला आतला कागद
आधीच कापलेला होता, वर खाकी चिकटपट्टी, वाकडी.
असा वाकडा सांधा मी एकाच माणसाचा पाहिलाय.
आणि काचेखाली, तुटलेल्या तारेच्या जागी,
माझ्या दोरीवरचे कपडे वाळवायचे चिमटे, तीन,
हिरव्या लोकरीने एकत्र आवळलेले.
त्यातला एक परवा मोडला. एवढंच झालं होतं.

सहा वर्षांपूर्वी मी सत्तर हजार पेसो
मोजून पाकिटात घातले होते.
एलिसेओ संध्याकाळी परत आला, हात काळे, शीळ घालत.
"झालं काम. पण ही काच उघडू नकोस हं,
मोटार नाजूक आहे, गॅरेजवाल्याने बजावलंय."
सहा उन्हाळे मी ती उघडली नाही.
गिऱ्हाइकांनाही बजावत राहिले, त्याच्याच शब्दांत.

आता तो पलीकडे, पोर्वेनीरला राहतो,
फेरीबोटीने दोन तास.
पैशांचं काय केलंस, हे विचारायला
तिकिटाचे पैसे घालवू का?
मी दाराचं पॅनेल छातीशी धरून उभी,
रागवावं की हसावं, दोन्हींना हात मोकळा नव्हता.

गाठ मात्र पाहिली. मासेमाराची गाठ,
दुहेरी, सहा वर्षं या वाऱ्यात
तसूभर सैल न पडलेली.
शेवटी कात्रीच लावावी लागली.

जुन्या बाजारातून आणलेली यंत्रणा बसवली.
बटण दाबलं. काच कुरकुरत वर आली,
अर्ध्यावर थबकली, आली.
पुन्हा खाली नेली. पुन्हा वर.
उगीचच, चार वेळा.

खटके तळहाताने ठोकत बसवले, खालून वर.
चांगले दोन चिमटे दोरीवर गेले.
अंड्यांच्या पुठ्ठ्यात एक स्क्रू उरला.
कुठला, ते आठवत नाही.

चाळीसच्या पुढे दार आता बारीक किणकिणतं.
गिऱ्हाईक विचारतं, "कसला आवाज?"
मी म्हणते, "बघते."